शेअर बाजार : भाव आणि मोल



मराठवाड्याला 'शेअर' हा शब्द नवा नाही. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीत सातबारा, सोसायटीच्या पावत्या आणि त्यांच्याच शेजारी साखर कारखान्याच्या शेअरचे प्रमाणपत्र जपून ठेवलेले आढळते. हा शेअर घेण्यामागे नफ्याची अपेक्षा क्वचितच होती. शेतातील ऊस वेळेवर तुटावा, सभासद म्हणून नोंद व्हावी, हाच त्यामागील हेतू. सहकारी संस्थेचा भाग परत केला तर सर्वसाधारणपणे दर्शनी किंमतच हाती येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यानुसार लाभांशालाही पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे. संस्थेचा कारभार वाढला, तिची गंगाजळी वाढली, तरी सभासदाच्या त्या कागदाचे मोल वाढत नाही. सहकाराचे तत्त्वच ते आहे आणि त्यात गैर काही नाही.

परंतु याचा एक परिणाम असा झाला की, एखाद्या उद्योगाचा भाग घेणे म्हणजे त्या उद्योगाच्या वाढीत वाटेकरी होणे, ही कल्पना आपल्या भागात रुजलीच नाही. मुंबईच्या शेअर बाजाराची बातमी इकडे पोहोचली ती सट्ट्याची बातमी म्हणूनच. मटका, लॉटरी आणि शेअर बाजार ही नावे ज्येष्ठांच्या तोंडी एका दमात येत. ही भीती अज्ञानातून आली, असे म्हणून तिची बोळवण करणे सोपे आहे. पण तसे करणे न्याय्य ठरणार नाही. या भीतीलाही इतिहास आहे.

भीतीचा इतिहास

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता. येथे व्यवहार चाले तो हाली शिक्क्यात. शेजारच्या ब्रिटिश मुलखात कलदार रुपया चाले आणि सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब असे. पुढे हाली शिक्का इतिहासजमा झाला. राजवट बदलली की नाणेही बदलते, हे ज्या पिढीने डोळ्यांनी पाहिले, तिने सोने आणि जमीन यांवरच भरवसा ठेवला तर नवल कसले? पुण्या-मुंबईकडे लोकमान्यांच्या पाठिंब्याने अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड उभा राहिला. सामान्यांच्या एकेका पैशातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. थेंबाथेंबातून उद्योगाचे भांडवल उभे करण्याचा तो संस्कार निजामी मुलखात मात्र त्या प्रमाणात पोहोचू शकला नाही.

स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्ग घडला. शिक्षक, बँक कर्मचारी, सरकारी नोकर यांच्या हाती शिल्लक पडू लागली आणि ठेचाही लागू लागल्या. १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले. २००१ च्या जुलैमध्ये युनिट ट्रस्टने 'यूएस-६४' या योजनेची खरेदी-विक्री थांबवली. सरकारी छत्राखालची, म्हणून सुरक्षित, असे समजून निवृत्तांनी त्या योजनेत आयुष्याची पुंजी ठेवली होती. त्यानंतर जमिनीच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या योजनांचे पेव फुटले. त्यांतील 'पीएसीएल' या एकाच कंपनीला गुंतवणूकदारांचे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये दिला. अलीकडे २०२३-२४ मध्ये मराठवाड्यातील काही पतसंस्थांच्या बंद दारांसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या, हे तर येथील लोकांना सांगायलाच नको.

या सर्व घटनांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक वेळी परतावा किती मिळणार, एवढेच विचारले गेले. तो परतावा कोणत्या व्यवसायातून, कोणाच्या श्रमातून आणि कोणत्या नफ्यातून येणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. मोलाचा विचार करून केलेली गुंतवणूक नेमकी या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

अमळनेरचा वस्तुपाठ

या विचाराचे उदाहरण शोधण्यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. ते खानदेशात आहे. अमळनेर हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सखाराम महाराजांची गादी, प्रताप शेठजींची गिरणी, तत्त्वज्ञान मंदिर आणि साने गुरुजींनी जेथे अध्यापन केले ती शाळा, ही या गावाची ओळख. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले होते.

याच गावात डिसेंबर १९४५ मध्ये महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. खानदेशचा भुईमूग, त्याचे तेल, त्यापासून 'सनफ्लॉवर' वनस्पती तूप आणि जोडीला कपडे धुण्याचा '७८७' साबण, असा तिचा साधासुधा व्यवसाय. गावातील व्यापारी, शेतकरी आणि कर्मचारी यांच्या घरांत या कंपनीचे भाग आले. १९६६ मध्ये संस्थापकांचे निधन झाले आणि अमेरिकेत शिकत असलेले त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी कारभार पाहण्यासाठी परतले. एका भागधारकाने भर सभेत या तरुणाला, आपले भाग विकून कंपनी जाणत्या माणसाच्या हाती सोपवावी, असे सुनावल्याची आठवण प्रसिद्ध आहे.

पुढे १९७७ मध्ये कंपनीच्या नावात 'विप्रो' हा शब्द आला. सत्तरच्या दशकाअखेर आयबीएम भारतातून बाहेर पडली, तेव्हा निर्माण झालेल्या पोकळीत या तेलाच्या कंपनीने संगणकाच्या क्षेत्रात पाऊल टाकले. त्यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

अमळनेरकरांच्या दृष्टीने या इतिहासाचा हिशेब असा. १९८० मध्ये ज्याच्याकडे शंभर रुपये दर्शनी किमतीचा एक भाग होता आणि ज्याने तो कधीही विकला नाही, त्याच्याकडे वेळोवेळी मिळालेले बोनस आणि झालेले विभाजन धरून २०१० मध्ये ९६,००० भाग झाले. २०१७, २०१९ आणि २०२४ च्या बोनसनंतर ही संख्या ५,१२,००० झाली. भागाचा भाव केवळ दोनशे रुपये धरला तरी ही रक्कम दहा कोटींच्या वर जाते. मधल्या काळात मिळालेला लाभांश निराळाच. कंपनीचे सुमारे तीन टक्के भाग अमळनेरच्या घरांत असल्याचे वृत्तपत्रांतून वेळोवेळी छापून आले आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बोनसमुळे कोणी श्रीमंत होत नसतो. भाकरीचे चार चतकोर केले म्हणून भाकरी वाढत नाही. भागांची संख्या वाढली तेव्हा त्यामागे कंपनीचा व्यवसाय, तिचा नफा आणि तिची मालमत्ताही वाढत होती. मूळ भाकरी मोठी होत गेली, म्हणून चतकोरालाही मोल आले.

कंपनी एक, खरेदीदार दोन

अमळनेरची ही गोष्ट बहुतेक वेळा येथेच संपवली जाते आणि 'घ्या आणि विसरून जा' असा उपदेश तिच्यातून काढला जातो. हा उपदेश अर्धाच खरा आहे, कारण या कंपनीचा दुसराही एक खरेदीदार आहे.

फेब्रुवारी २००० मध्ये संगणक कंपन्यांच्या शेअरांना विलक्षण तेजी आली होती. विप्रोचा भाव दहा हजार रुपयांच्या आसपास पोहोचला होता. ज्याने त्या दिवसांत कंपनीचे नाव ऐकून, भाव रोज चढतो आहे एवढे पाहून भाग घेतले, त्याला पुढील दीड-दोन वर्षांत आपल्या पैशाचा चार पंचमांशाहून अधिक हिस्सा कागदावर विरघळताना पाहावा लागला. बोनस हिशेबात धरूनही मूळ भाव पुन्हा दिसण्यासाठी त्याला दहा वर्षांहून कितीतरी अधिक काळ थांबावे लागले.

कंपनी तीच. व्यवस्थापन तेच. या सर्व काळात तिचा व्यवसाय वाढतच गेला. धीर तर दुसऱ्यानेही कदाचित पहिल्याइतकाच धरला असेल. मग फरक कुठे पडला? फरक पडला तो खरेदीच्या वेळी मोजलेल्या किमतीत. उत्तम वस्तूसाठीही अवाच्या सवा दाम मोजला, तर धीर निष्फळ ठरतो. भाव आणि मोल या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ज्याला उमगले त्याला या विषयाचा गाभा उमगला.

बेंजामिन ग्रॅहम या अमेरिकन अभ्यासकाने डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ मध्ये आणि पुढे स्वतंत्रपणे १९४९ मध्ये ग्रंथ लिहून हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. वॉरन बफे हे त्यांचेच शिष्य. ग्रॅहम यांनी बाजाराला एका लहरी भागीदाराची उपमा दिली. हा भागीदार रोज दारात येऊन नवा भाव सांगतो. कधी हर्षाने फुगलेला, कधी निराशेने खचलेला. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, पण व्यवहार आपल्या हिशेबाने करावा. आणि हिशेब कितीही काटेकोर केला तरी चूक होऊ शकते, म्हणून मोलापेक्षा बऱ्याच कमी भावात खरेदी करून सुरक्षिततेचे अंतर राखावे.

मोल ठरवावे कसे?

शेतकरी कुटुंबातील माणसाला हे शिकवावे लागत नाही. समजा, खर्चवेच जाता एकरी वर्षाला तीस हजार रुपये उरतील अशी जमीन विक्रीला आहे. मालक एकरी सहा लाख सांगतो. म्हणजे उत्पन्नाच्या वीस पट. दुसरा तशाच जमिनीचे तीस लाख सांगतो. म्हणजे शंभर पट. जाणता शेतकरी पाणी पाहील, मातीचा पोत पाहील, बांधाचा वाद आणि जमिनीवरील बोजा पाहील आणि मगच बोलेल. कंपनीचा भाग घेतानाही नेमके हेच पाहायचे असते. प्रतिभाग नफ्याच्या किती पट भाव आहे, हे झाले एकराचे गणित. कंपनीवरील कर्ज म्हणजे सातबाऱ्यावरील बोजा. नफा केवळ कागदावर आहे की रोकड खरोखर येते, हे म्हणजे विहिरीचे पाणी. प्रवर्तकांनी आपले भाग गहाण ठेवले आहेत का, हे म्हणजे मालकाची नियत. यातील बरीच माहिती कंपनीच्या वार्षिक अहवालात छापलेली असते. ती वाचण्याचा कंटाळा असेल, तर त्या कंपनीचा भाग घेऊ नये, इतके साधे पथ्य आहे.

लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या हंगामात भाव पडला, तर ज्याची ऐपत आहे तो माल गोदामात ठेवतो, गरज पडली तर त्यावर तारण कर्ज घेतो, पण घाईने विकत नाही. ज्याच्यावर सावकाराचा तगादा आहे त्याला मात्र पडेल भावात माल द्यावा लागतो. दोघांचा माल एकाच प्रतीचा असतो. थांबण्याची ताकद मात्र एकाकडेच असते. शेअर बाजारातही धीर हा केवळ स्वभावाचा गुण नाही. घरातील व्यवस्थेने तो कमवावा लागतो.

ही गोष्ट मराठवाड्याला अधिकच लागू आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशात लागोपाठच्या दुष्काळांनी शेती, व्यापार आणि त्यांवर अवलंबून असलेली घरे एकाच वेळी अडचणीत येतात, तेथे सारी शिल्लक शेअरांत अडकवणे हे धाडस नव्हे, अविचार होय. वर्षभराचा घरखर्च, मुलांच्या शिक्षणाचे जवळचे हप्ते, आजारपणाची तरतूद, विमा, हे सर्व आधी वेगळे काढावे. पुढील सात-दहा वर्षे ज्याला हात लावावा लागणार नाही, तेवढाच पैसा या मार्गाला लावावा.

धीर म्हणजे झोप नव्हे

सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ मध्ये १०० धरलेला आहे. जुलै २०२४ मध्ये त्याने ८०,००० चा टप्पा गाठला. पंचेचाळीस वर्षांत आठशे पट, म्हणजे लाभांश वगळूनही दरवर्षी सुमारे सोळा टक्क्यांची चक्रवाढ. हा आकडा ऐकायला गोड आहे. पण तो प्रवास कसा झाला? जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेलेला निर्देशांक त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ८,००० च्या खाली आला. २०१० च्या दिवाळीत तो पुन्हा २१,००० वर होता. मार्च २०२० मध्ये महामारीच्या भीतीने तो २६,००० च्या खाली घसरला आणि जानेवारी २०२१ मध्ये ५०,००० ला स्पर्शून गेला. या दोन्ही वेळी ज्यांनी घाबरून विकले त्यांचे नुकसान कायमचे झाले. ज्यांना विकावे लागले नाही, त्यांची ती केवळ एक वाईट आठवण ठरली.

तरीही प्रत्येक घसरण सोसत बसणे म्हणजे धीर नव्हे. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या 'सत्यम' कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि त्या एका दिवसात भागाचा भाव तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. अशा ठिकाणी वाट पाहण्याला काय अर्थ? नांदेडच्या उस्मानशाही मिलचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. पिढ्यान्‌पिढ्यांना रोजगार देणारे आणि शहराची ओळख बनलेले उद्योगही काळाच्या ओघात बंद पडतात. अमळनेरची कंपनी टिकली आणि वाढली, म्हणून तिची गोष्ट सांगितली जाते. त्याच काळात स्थापन होऊन नामशेष झालेल्या असंख्य कंपन्यांची प्रमाणपत्रे आज रद्दीच्या मोलाची आहेत. म्हणून सारी पुंजी एकाच नावावर लावू नये आणि दरवर्षी एकदा तरी, आपण ज्या कारणासाठी हा भाग घेतला ते कारण अजून शिल्लक आहे का, हे तपासावे. कारण संपले असेल तर भाग विकावा. नुसता भाव उतरला म्हणून विकू नये. ज्यांना एवढा अभ्यास शक्य नाही, त्यांच्यासाठी निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याचा मार्ग अधिक श्रेयस्कर होय.

सट्ट्याचा नवा अवतार

वडीलधाऱ्यांच्या मनातील सट्ट्याची भीती आज वेगळ्या रूपाने खरी ठरते आहे. लातूर आणि नांदेड ही शिक्षणाची केंद्रे. गावोगावची मुले येथे खोल्या घेऊन राहतात. हातात मोबाइल आहे, काही मिनिटांत डीमॅट खाते उघडते आणि 'फ्युचर्स-ऑप्शन्स'चे सौदे बोटाच्या टोकावर येतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. तोट्यात गेलेल्या प्रत्येकामागे हा आकडा सरासरी दोन लाख रुपयांच्या घरात जातो. दोन लाख म्हणजे कित्येक घरांत वडिलांची मुदत ठेव किंवा बहिणीच्या लग्नाची तरतूद.

तरुणांना केवळ दटावून हे थांबणार नाही. घरात पैशाविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून मुले अनोळखी माणसांचे सल्ले मोबाइलवर ऐकतात. वडिलांनी मुलाला बाजार समितीत नेऊन मालाची पारख शिकवली, तशीच एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल सोबत बसून वाचण्याची पारखही शिकवली पाहिजे. ज्या व्यवहारात एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटाच असतो, तो सट्टा. ज्या व्यवहारात कारखाना चालतो, माल तयार होतो, कामगाराला वेतन मिळते आणि उरलेल्या नफ्यात भागधारकाचा वाटा असतो, ती गुंतवणूक. हा भेद ज्याच्या मनात पक्का झाला, त्याला मोहापासून वाचवण्यासाठी फारसा पहारा लागत नाही.

वारशाची काळजी

दीर्घकाळाची गुंतवणूक अनेकदा पुढच्या पिढीच्या हाती जाते आणि तेथेच ती बेपत्ताही होते. कंपनी कायद्यानुसार सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही, तर ते भाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. वारसाला ते परत मागता येतात, पण त्यासाठी कागदपत्रांची मोठी खटपट करावी लागते. जुनी कागदी प्रमाणपत्रे एप्रिल २०१९ पासून डीमॅट केल्याशिवाय दुसऱ्याला विकता येत नाहीत. खात्यावर नामनिर्देशन करावे, हे खरेच. पण नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरांच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. म्हणून मृत्युपत्र करावे आणि काय कुठे आहे याची एक साधी वही घरात ठेवून ती पत्नीला व मुलांना दाखवून ठेवावी. कित्येक घरांत कर्त्या पुरुषाबरोबर त्याच्या गुंतवणुकीची माहितीही जाते. संसाराची निम्मी जबाबदारी वाहणाऱ्या गृहिणीला या व्यवहारापासून दूर ठेवणे हे कोणत्याही दृष्टीने शहाणपणाचे नाही.

आपल्या परंपरेने अर्थाला पुरुषार्थांत स्थान दिले आहे, पण ते धर्माच्या पाठोपाठ. सचोटीने चालणारा उद्योग निवडणे, त्याच्या वाढीला भांडवल पुरवणे, योग्य भावाची वाट पाहणे आणि फळ पिकेपर्यंत थांबणे, यात लोभाला जागा उरत नाही. आंबा लावणारा माणूस रोपटे रोज उपटून मुळे किती वाढली ते पाहत नाही. पण तो पाणी घालायला आणि कीड पाहायलाही विसरत नाही. मराठवाड्यातील माणसाला हे सांगावे लागत नाही. शेतात आणि बाजार समितीत जो विवेक तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आला आहे, तोच या नव्या बाजारातही वापरावा, एवढेच निवेदन.